पीकॅप फाइल उघडण्याआधी: कॅप्चर फाइल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या मेमरीच्या त्रुटींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायरशार्क, टीशार्क, टीसीपीडम्प ही नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, टिपून उलगडून दाखवणारी साधनं नेटवर्कचं काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या संगणकावर असतात. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये ती पहिल्यांदा दिसतात आणि पुढे नोकरीत रोज लागतात. अनोळखी माणसाने पाठवलेली वर्डची फाइल उघडताना आता बरेच जण विचार करतात. पीकॅप फाइल, म्हणजे अशी टिपलेली पॅकेटं साठवलेली कॅप्चर फाइल, मात्र सहज डबल-क्लिक होते. ही सवय बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. सी भाषेची तोंडओळख असेल तर सोपं जाईल, नसली तरी अडणार नाही.

कॅप्चर फाइल म्हणजे नुसती नोंद. तिच्यापासून धोका कसा?

फाइल स्वतःहून काहीच करत नाही. तिच्यात मॅक्रो नसतो, चालवण्याजोगा प्रोग्राम नसतो. धोका असतो तो वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये.

जुन्या पीकॅप फाइलची रचना पाहा. सुरुवातीला २४ बाइटचं शीर्षक. पुढे प्रत्येक पॅकेटआधी १६ बाइटचं छोटं शीर्षक, त्यात चार आकडे: वेळेचे सेकंद, मायक्रोसेकंद, फाइलमध्ये प्रत्यक्ष किती बाइट साठवले ते, आणि तारेवरचं मूळ पॅकेट किती बाइटचं होतं ते. हे चारही आकडे ज्याने फाइल बनवली त्याने लिहिलेले असतात. खऱ्या कॅप्चरमध्ये ते खरे असतात. हाताने घडवलेल्या फाइलमध्ये तिथे काहीही असू शकतं: शून्य, चार अब्ज, किंवा फाइलमध्ये पुढे आहेत त्याहून दहा बाइट जास्त.

आणि हा फक्त सर्वांत बाहेरचा थर. आत इथरनेट, त्याच्या आत आयपी, मग टीसीपी, मग टीएलएस, त्यात प्रमाणपत्र, प्रमाणपत्रात पुन्हा एकात एक बसलेली क्षेत्रं. जवळपास प्रत्येक थर आपली लांबी स्वतःच सांगतो. यातल्या एका जरी आकड्यावर प्रोग्रामने पडताळणी न करता विश्वास ठेवला, तरी फाइल बनवणाऱ्याचा हात तुमच्या संगणकाच्या मेमरीपर्यंत पोहोचतो.

मेमरीची त्रुटी म्हणजे नेमकं काय बिघडतं?

ही साधनं मुख्यतः सी भाषेत लिहिलेली आहेत. सी भाषा तुम्ही मागाल त्या पत्त्यावरचा बाइट देते; तो पत्ता तुमचा आहे का, हे ती विचारत नाही. ती खात्री प्रोग्रामरने करायची असते. ती राहून गेली की साधारण चार प्रकारचे घोटाळे होतात.

पहिला, हद्दीपलीकडे वाचणं. पॅकेट ४० बाइटचं, पण आतला आकडा म्हणतो २००. प्रोग्राम ४० च्या पुढचे १६० बाइटही वाचतो. ते दुसऱ्याच कुठल्या तरी कामाचे असतात. २०१४ साली गाजलेली ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड त्रुटी याच जातीची होती. तिच्यात सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा एका फेरीत बाहेर जात असे.

दुसरा, हद्दीपलीकडे लिहिणं, म्हणजे बफर ओव्हरफ्लो. हा सर्वांत घातक. ठरावीक आकाराच्या जागेत जास्त बाइट ओतले की शेजारचा मजकूर पुसला जातो. त्या शेजारी फंक्शनचा परतीचा पत्ता असेल, तर प्रोग्राम पुढे कुठे जाईल हे फाइल बनवणारा ठरवू शकतो.

तिसरा आहे आकडेमोडीचा, आणि शिकवताना नेमका हाच वगळला जातो. समजा एखाद्या क्षेत्राच्या लांबीत त्याचं स्वतःचं ४ बाइटचं शीर्षकही मोजलेलं असतं. प्रोग्राम त्यातून ४ वजा करतो. पॅकेटने लांबी २ सांगितली तर उत्तर यायला हवं उणे २. पण ३२ बिटच्या चिन्हविरहित आकड्यात उणे काही नसतंच, म्हणून उत्तर येतं ४,२९,४९,६७,२९४. पुढची सगळी तपासणी या राक्षसी आकड्यावर होते आणि बरेचदा ती निरर्थक ठरते.

चौथा, परत केलेली जागा पुन्हा वापरणं. वायरशार्कसारख्या साधनात याला वाव जास्त आहे, कारण ते पॅकेट एकदा वाचून सोडून देत नाही. फाइल उघडताना एक फेरी होते, तुम्ही एखाद्या ओळीवर क्लिक केलं की त्या पॅकेटचं विश्लेषण पुन्हा होतं. शिवाय तुकड्यांत आलेला संदेश जोडण्यासाठी आधीच्या पॅकेटांची माहिती जपून ठेवावी लागते. कुठली माहिती किती काळ जिवंत ठेवायची, या हिशेबात चूक झाली की मोकळ्या केलेल्या जागेकडे बोट दाखवणारा पॉइंटर, म्हणजे साठवलेला पत्ता, उरतो.

एखादं खरं उदाहरण सांगाल?

सीव्हीई-२०१४-२२९९ हे मी नेहमी सांगतो (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला दिलेला नोंदणी-क्रमांक). वायरशार्क फक्त पीकॅप वाचत नाही. त्याच्या पोटात वायरटॅप नावाची लायब्ररी आहे आणि ती कितीतरी वेगवेगळ्या उत्पादकांचे फाइल-प्रकार ओळखते. त्यात एमपेग हा ऑडिओ-व्हिडिओचा प्रकारही होता. तो वाचणाऱ्या फंक्शनमध्ये, नोंदीचा आकार जागेपेक्षा मोठा आहे का, याची तपासणी नव्हती. मोठी नोंद दिली की स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) बफर ओसंडून वाहत असे. १.८ आणि १.१० या दोन्ही शाखांना याचा फटका बसला. मार्च २०१४ मध्ये १.८.१३ आणि १.१०.६ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली. मेटास्प्लॉइट या हल्ल्यांची चाचणी घेण्याच्या साधनात तिच्यासाठी तयार मॉड्यूलही आलं, म्हणजे विंडोजवर परका कोड चालवता येतो हे सिद्ध झालं.

यात लक्षात घेण्याची गोष्ट अशी की फाइलच्या नावाला पीकॅपचं शेपूट लावलं तरी चालत होतं. वायरशार्क फाइलचा प्रकार मुख्यतः आतल्या बाइटवरून ओळखतं. तुम्हाला वाटतं आपण पीकॅप उघडतोय, प्रत्यक्षात काम करतो तो वर्षानुवर्षं कुणी न पाहिलेला एखादा कोपऱ्यातला पार्सर, म्हणजे तो फाइल-प्रकार वाचून उलगडणारा कोड. मे २०२३ मध्ये ४.०.६ आवृत्तीने दुरुस्त केलेल्या त्रुटींतही बीएलएफ, कॅनडम्प, नेटस्केलर आणि व्हीएमएस टीसीपीआयपीट्रेस असे चार फाइल-प्रकार होते. यांपैकी एखादा तरी किती जणांनी प्रत्यक्ष पाहिला असेल? तरी त्यांचा कोड प्रत्येकाच्या वायरशार्कमध्ये हजर होता.

टीसीपीडम्प तर लहान आणि जुनं साधन. ते तरी सुरक्षित असेल ना?

टीसीपीडम्प १९८८ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत जन्मलं. व्हॅन जेकबसन, सॅली फ्लॉइड, व्हर्न पॅक्सन आणि स्टीव्हन मॅककॅन ही नेटवर्किंगमधली मोठी नावं त्याच्यामागे आहेत. तरीही २०१७ साली काय झालं पाहा. फेब्रुवारीत आलेल्या ४.९.० ने ४१ सीव्हीई बंद केल्या, सप्टेंबरमधल्या ४.९.२ ने आणखी सुमारे ९०. बहुतेक सगळ्या एकाच साच्याच्या: अमुक प्रोटोकॉल छापणारं फंक्शन पॅकेटच्या हद्दीपलीकडे वाचतं.

यावरून टीसीपीडम्प वाईट आहे असा निष्कर्ष काढू नका. त्या वर्षी त्याच्याकडे कुणीतरी नेटाने पाहिलं, एवढाच याचा अर्थ. फझिंगची, म्हणजे बिघडवलेला डेटा सतत देऊन प्रोग्राम तपासण्याची, साधनं हाती आली होती आणि तीस वर्षांची थकबाकी एकदम बाहेर पडली. एखाद्या सॉफ्टवेअरच्या नावावर एकही सीव्हीई नसेल तर मला उलट जास्त काळजी वाटते.

मी फाइल उघडतच नाही, फक्त चालू ट्रॅफिक पाहतो. मग?

मग धोका उलट वाढतो, कारण तुमच्या संमतीचीही गरज उरत नाही. पॅकेट तारेवर आलं की त्याचं विश्लेषण होणारच.

मार्च २००४ मधला विटी वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) हे याचं सर्वांत कडवट उदाहरण आहे. इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या कंपनीच्या ब्लॅकआइस आणि रिअलसिक्युअर या संरक्षक उत्पादनांत आयसीक्यू या संदेशसेवेच्या प्रोटोकॉलचं विश्लेषण करणाऱ्या भागात स्टॅक ओव्हरफ्लो होता. पॅकेट यूडीपीच्या ४००० क्रमांकाच्या पोर्टवरून आल्यासारखं दिसलं की तो भाग कामाला लागे. संगणकावर कुठलाही पोर्ट उघडा असण्याची गरज नव्हती. त्रुटी जाहीर झाल्यावर एक-दोन दिवसांतच वर्म सुटला, तासाभरात सुमारे १२,००० संगणक त्याने गाठले, आणि तो हार्डडिस्कवर वाटेल तिथे कचरा लिहीत राहिला. ज्यांनी सुरक्षेसाठी पैसे मोजले होते, नेमके त्यांचेच संगणक गेले. कुंपणानेच शेत खाल्लं.

वायरशार्कच्या सुरक्षा-सूचनांतही दोन्ही वाटा नेहमी सोबत लिहिलेल्या असतात: बिघडवलेलं पॅकेट तारेवर सोडणं, किंवा बिघडवलेली फाइल कुणाला तरी उघडायला लावणं. २०११ साली डेक्ट या कॉर्डलेस फोनच्या प्रोटोकॉलच्या डिसेक्टरमध्ये (त्या प्रोटोकॉलची पॅकेटं उलगडणाऱ्या कोडमध्ये) सापडलेला ओव्हरफ्लो असाच दोन्ही मार्गांनी वापरता येत होता.

अशा त्रुटी याच प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढ्या का?

वेब ब्राउझरला मोजके प्रोटोकॉल समजावे लागतात. वायरशार्कला हजारो. टेलिफोन एक्सचेंज, कारखान्यातली यंत्रं, मोटारींमधली कॅन बस, मोबाइलचे टॉवर, बँकांचे संदेश, खेळांचे सर्व्हर. प्रत्येकाचा डिसेक्टर वेगळ्या माणसाने, वेगळ्या वर्षी, बहुधा स्वतःची नड भागवण्यासाठी लिहिलेला. लिहिणाऱ्यापुढे त्याच्या कार्यालयातली खरी, नीट पॅकेटं होती. विकृत पॅकेट त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो माणूस पुढे दुसऱ्या कामाला लागला, कोड मात्र राहिला.

त्यात काही प्रोटोकॉलचे तपशील कधी प्रसिद्धच झालेले नाहीत. ते पॅकेटांकडे बघून अंदाजाने उलगडलेले असतात, आणि अंदाजाने लिहिलेल्या कोडमध्ये कोणती लांबी कायदेशीर आणि कोणती नाही हे सांगणारं कुणी नसतं.

माझ्या मते खरी अडचण आणखी खोल आहे. या साधनांचं कामच बिघडलेलं ट्रॅफिक दाखवणं हे आहे. एखादा सर्व्हर नियमाबाहेरचं पॅकेट सरळ फेकून देऊ शकतो. विश्लेषकाला तसं करता येत नाही, कारण त्याला नेमकं तेच पॅकेट पाहायचं असतं. म्हणून डिसेक्टरला सहनशील राहावं लागतं, आणि सी भाषेत सहनशीलपणा महाग पडतो.

बहुतेक वेळा प्रोग्राम फक्त बंदच पडतो. एवढी चिंता कशाला?

हे खरं आहे की आज बहुतांश त्रुटींचा शेवट क्रॅशमध्येच होतो. पत्त्यांची जागा दर वेळी बदलणं, स्टॅकवर पहारेकरी मूल्यं ठेवणं, अशा संरक्षणांमुळे ओव्हरफ्लोपासून परका कोड चालवण्यापर्यंतचं अंतर वाढलं आहे. एका साध्या फाइलमधून ते अंतर पार करणं अवघड असतं, अशक्य नसतं.

पण क्रॅशलाही कमी लेखू नका. घुसखोरी चालू असताना नोंद ठेवणारं साधन एका पॅकेटने आडवं झालं, तर पुढचे तास आंधळे जातात.

वायरशार्क रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवू नका असं का सांगतात?

कारण लाखो ओळींच्या त्या डिसेक्टर-कोडमध्ये काही फुटलं, तर फोडणाऱ्याला तुमच्याच अधिकाराची चावी मिळते. वायरशार्कमध्ये म्हणूनच काम विभागलेलं आहे. नेटवर्क कार्डावरून पॅकेटं उचलायला डम्पकॅप हा छोटा वेगळा प्रोग्राम आहे. विशेष अधिकार लागतो तो फक्त त्याला. विश्लेषण करणारा मोठा प्रोग्राम साध्या वापरकर्त्याच्या हक्कांवर चालतो. लिनक्सवर डेबियनच्या पॅकेजमध्ये याची सोय तयार मिळते: पॅकेज बसवताना साध्या वापरकर्त्यांना कॅप्चर करू द्यायचं का, या प्रश्नाला हो म्हणा, वायरशार्क नावाच्या गटात स्वतःला घाला, रूटची गरज संपते.

अनेक ब्लॉग आणि व्हिडिओंत अजूनही सुडो (रूटचे अधिकार देणारी आज्ञा) लावून वायरशार्क सुरू करायला शिकवतात. विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ही सवय पहिल्या तासापासूनच टाळावी. आणि आधीच कॅप्चर झालेली फाइल वाचायला तर कोणताच विशेष अधिकार लागत नाही.

पीकॅपएनजी हा कॅप्चर फाइलचा प्रकार नवीन आहे. तो जास्त सुरक्षित असेल?

नाही. त्याचं काम वेगळं आहे: अनेक इंटरफेस, टिपणं, नावांच्या नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवणं. प्रत्येक खंडाची एकूण लांबी त्यात सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा लिहिलेली असते. पण दोन्ही आकडे लिहिणारा एकच, त्यामुळे ते जुळले म्हणून खरे ठरत नाहीत. टीसीपीडम्प ज्यावर उभं आहे त्या लिबपीकॅप लायब्ररीच्या १.९.१ आवृत्तीत दुरुस्त झालेली सीव्हीई-२०१९-१५१६५ याच वाचकातली होती: शीर्षकाची लांबी न पडताळताच मेमरी मागितली जात होती.

हे प्रकल्प यावर काय करतात?

बरंच काही, आणि त्याची दखल पुरेशी घेतली जात नाही.

वायरशार्कमध्ये डिसेक्टरने पॅकेटच्या बाइटना थेट हात लावायचा नसतो. तो एका मधल्या थराकडे मागणी करतो: अमुक जागेपासून दोन बाइट द्या. ते बाइट हद्दीत नसतील तर तो थर काम तिथेच तोडतो आणि पडद्यावर 'माल्फॉर्म्ड पॅकेट' असं दिसतं. ती ओळ दिसली की वैतागू नका. तिथे बहुधा एक संभाव्य त्रुटी अडवली गेलेली असते. त्रुटी उरतात त्या या थराला वळसा घालणाऱ्या कोडमध्ये: बाइट स्वतःच्या बफरमध्ये उतरवून घेतले, किंवा लांबीचा हिशेब आधीच चुकला.

टीसीपीडम्पनेही हाच मार्ग धरला. डिसेंबर २०२० च्या ४.९९.० पासून पॅकेटमधला आकडा वाचण्याच्या मॅक्रोतच हद्दीची तपासणी आहे, म्हणजे ती विसरण्याची सोयच उरत नाही. एसएमबी या फाइल-शेअरिंगच्या प्रोटोकॉलचा भाग नीट होईना, तेव्हा ४.९.३ मध्ये तो मुद्दाम चालू केल्याशिवाय बंदच राहील असा ठेवला गेला. हा निर्णय मला फार आवडतो. जे सांभाळता येत नाही ते बंद ठेवणं यात कमीपणा नाही.

जोडीला फझिंग. बिघडवलेली पॅकेटं अखंड तयार करून प्रोग्रामला खाऊ घालायची आणि ॲड्रेससॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन लावून कुठे हद्द ओलांडली ते पकडायचं. गूगलच्या ओएसएस-फझ या २०१६ पासूनच्या सेवेत वायरशार्कही आहे.

सगळं रस्टमध्ये, म्हणजे मेमरीची हद्द स्वतः सांभाळणाऱ्या नव्या भाषेत, लिहिलं की प्रश्न सुटेल?

मेमरीचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटेल. सुरिकाटा या घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणालीने २०१७ च्या ४.० आवृत्तीत रस्टमधले पार्सर प्रयोग म्हणून आणले आणि २०१९ च्या ५.० पासून रस्ट अनिवार्य केलं. नवा प्रोटोकॉल जोडायचा असेल तर आज सीमध्ये लिहिण्याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

पण हजारो जुने डिसेक्टर एका दमात कुणी पुन्हा लिहिणार नाही. शिवाय काही दुखणी भाषेने जात नाहीत. लांबी शून्य सांगितली आणि प्रोग्राम तेच क्षेत्र अनंत काळ वाचत बसला, तर ते रस्टमध्येही घडेल आणि पायथनमध्ये लिहिलेल्या स्केपी या पॅकेट-साधनामध्येही.

आपल्या कार्यालयातल्या खासगी प्रोटोकॉलसाठी वायरशार्कचा डिसेक्टर लिहायचा असेल तर लुआ या छोट्या स्क्रिप्ट-भाषेमध्ये लिहा. वेग कमी पडतो, पण हद्द ओलांडली की लुआची चूक दिसते, मेमरी बिघडत नाही.

संशयास्पद फाइल आली आहे आणि उघडावी तर लागणारच. काय करू?

आधी साधन अद्ययावत करा. बाकी सगळ्या उपायांपेक्षा याचं वजन जास्त आहे, कारण प्रसिद्ध झालेल्या त्रुटीचा तपशील आणि बरेचदा ती दाखवणारी फाइलसुद्धा सगळ्यांना उपलब्ध असते. डेबियनसारख्या वितरणात आवृत्तीचा आकडा जुना दिसू शकतो, तरी दुरुस्त्या मागे नेऊन बसवलेल्या असतात. म्हणून नुसता आकडा न बघता वितरणाची सुरक्षा-सूचना बघा.

मग नेटवर्क तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये फाइल उघडा. त्या मशीनमध्ये पासवर्ड, ईमेल, कंपनीचा व्हीपीएन काही नको. काम झालं की स्नॅपशॉटवर, म्हणजे मशीनच्या आधी जपलेल्या स्थितीवर, परत जा. रोजच्या लॅपटॉपवर अशी फाइल उघडणं मी टाळतो. सीटीएफ या हॅकिंगच्या सराव-स्पर्धांच्या आणि मालवेअर-अभ्यासाच्या फाइलींनाही हाच नियम.

वायरशार्कमध्ये नको असलेले प्रोटोकॉल बंद करता येतात. डीएनएस आणि एचटीटीपीच बघायचं असेल तर बाकीचे हजारो डिसेक्टर जागे ठेवायचं कारण नाही. ही सोय फार थोडे लोक वापरतात.

अँटिव्हायरसने फाइल तपासली तर पुरेसं नाही का?

नाही. एखादी गाजलेली घातक फाइल तो ओळखेलही, पण एका आकड्यात बदल केलेल्या नव्या फाइलबद्दल त्याच्या गप्प राहण्याला काही अर्थ नाही.

आमच्याकडे ग्राहक पीकॅप अपलोड करतात आणि सर्व्हरवर टीशार्क आपोआप चालतं. यात काही वावगं?

यात सर्वांत जास्त काळजी हवी. इथे फाइल पाठवणारा कुणीही असू शकतो, उघडणारं माणूस नाही, आणि प्रयत्न कितीही वेळा करता येतात. प्रत्येक फाइलसाठी वेगळा, अल्पायुषी कंटेनर किंवा मशीन ठेवा. त्याला बाहेरचं नेटवर्क देऊ नका. मेमरी, वेळ आणि फाइलच्या आकाराला मर्यादा घाला. आकार मोजताना दाबलेल्या फाइलचा उलगडल्यानंतरचा आकार मोजा, कारण वायरशार्क जीझिपसारख्या दाबलेल्या फाइली स्वतःच उलगडून वाचतं. तुम्हाला फक्त पीकॅप आणि पीकॅपएनजी हवे असतील तर फाइलचे पहिले चार बाइट आधीच तपासा आणि बाकी सगळं दारातच परत पाठवा. आणि टीशार्क कोसळलं की तीच फाइल आपोआप पुन्हा चालवू नका. बाजूला काढून माणसाला दाखवा.

माझ्या एका फाइलने वायरशार्क प्रत्येक वेळी कोसळतं. आता?

ती फाइल सोशल मीडियावर किंवा सार्वजनिक गटावर टाकू नका. आधी ताज्या आवृत्तीवर तपासून पाहा. बरेचदा दुरुस्ती झालेली असते. तरीही कोसळत असेल तर वायरशार्कसोबत येणाऱ्या एडिटकॅप या साधनाने फाइल छाटत छाटत त्या एका पॅकेटपर्यंत या. यामुळे शोधणाऱ्याचं काम सोपं होतं आणि कॅप्चरमधले इतरांचे पासवर्ड, कुकी, पत्ते बाहेर जात नाहीत. काही त्रुटी दोन-तीन पॅकेटांच्या क्रमावर अवलंबून असतात, तेव्हा एकटं पॅकेट कोसळवत नसेल तर आधीची काही जोडून पाहा.

मग प्रकल्पाच्या गिटलॅबवर तक्रार नोंदवताना ती गोपनीय ठेवण्याचा पर्याय निवडा. आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि कोसळताना दिसलेला मजकूर जसाच्या तसा द्या. इंग्रजी अवघड वाटत असेल तरी थांबू नका. चालणारी फाइल आणि चार साधी वाक्यं एवढं त्यांना पुरतं.